बाबांचं इंग्रजी

आईच्या डोळ्यांची अपॉइंटमेंट पुढे ढकलायला मधुमतीनं फोन केला, तर सगळं बोलणं झाल्यावर पलीकडची रिसेप्शनिस्ट म्हणाली, "थँक यू, मिस्टर रेडकर. तुम्ही मिसेस रेडकरांचा मुलगा ना?" आणि मधुमती "यस" म्हणाली. नाही म्हणायचं तर समजावून सांगावं लागलं असतं, आणि तेवढा आवाज त्या दिवशी शिल्लक नव्हता. फोन ठेवून ती तशीच जिन्याच्या पायरीवर बसली. सहा आठवडे घसा बसला होता. सर्दी असेल, हीटिंगची कोरडी हवा असेल, सलग चार शनिवार कार्यक्रम झाले त्यानं असेल, असं ती स्वतःला सांगत होती. आता त्या मुलीनं अगदी सहज, कामाच्या घाईत, तिला पुरुष करून टाकलं होतं. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "काय गं, मिळाली का तारीख?"  आपल्या तोंडून आता काय बाहेर पडेल याची मधुमतीला पहिल्यांदाच भीती वाटली.

हॉस्पिटलात नाकातून बारीक कॅमेरा घातला, मग तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि तिसऱ्या खेपेला सर्जननं खुर्ची पुढे ओढून सांगितलं की गाठ मोठी आहे, नुसत्या रेडिएशननं भागणार नाही, व्हॉइस बॉक्स पूर्ण काढावा लागेल. श्वास गळ्याच्या खालच्या बाजूला ठेवलेल्या भोकातून चालेल. पुढे कधीतरी एक व्हॉल्व्ह बसवून थोडंफार बोलता येईल, पण ते जखम कशी भरते त्यावर. तो शांतपणे, पुन्हा पुन्हा थांबून सांगत होता. त्यानं विचारलं, "तुम्ही काय करता?" ती म्हणाली, "गाते. गिटार वाजवते."  मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, म्हणाला, "कुठल्या प्रकारचं गाणं?" "कंट्री." आणि त्यानं तिच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. ती नजर मधुमतीला ओळखीची होती. चव्वेचाळीस वर्षं ती त्या नजरेपुढे उभी राहिली होती. सावळा चेहरा, आता पांढरी झालेली वेणी, आणि डोक्यावर काउबॉयची हॅट. आत्ता, या खोलीत, हॅट नव्हती तरी ती नजर आली. परत येताना ती बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसली. काचेवर फांद्या आपटत होत्या. "मी कधी सिगरेट ओढली नाही," एवढंच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. पण ती गायची त्या क्लबांतल्या लोकांनी ओढलेला सगळा धूर, सिगरेटबंदी येईपर्यंतची सव्वीस-सत्तावीस वर्षं, प्रत्येक गाण्याआधीच्या दीर्घ श्वासाबरोबर तिनंच आत घेतला होता.

ती बर्मिंगहॅमलाच जन्मलेली. बाबा मालवणकडचे, इथे एका फौंड्रीत टर्नर होते. रविवारी दुपारी कारखान्याच्या सोशल क्लबमध्ये ते तिला घेऊन जायचे. तिथे शेजारच्या लेथवरचा डेक्लन नावाचा आयरिश माणूस गिटार घेऊन रेल्वेची, तुरुंगाची, दारूत बुडालेल्या नवऱ्यांची गाणी म्हणायचा, आणि घामट मानेचे, जाड बोटांचे कामगार उघड डोळे पुसायचे. बाबांना त्याचंच नवल वाटे. त्या डेक्लननं मधूला तीन कॉर्ड शिकवल्या. चौथी तिची तिनं शोधली. नवव्या वर्षी बाबांनी तिला गिटार आणून दिली. आई गिरगावातली, चार यत्ता जास्त शिकलेली, शुद्ध बोलणारी. ती त्या गिटारला "ते लाकूड" म्हणायची, पण रोज पुसून ठेवायची. सतराव्या वर्षी मधू पहिल्यांदा एकटी स्टेजवर उभी राहिली. रेडकरमधला 'कर' गाळून मॅडी रेड झाली. मग वॉल्सॉल, डर्बी, साउथहॅम्प्टनच्या गोदीतले क्लब, उन्हाळ्यात समुद्रकाठचे हॉलिडे पार्क. बायका रांगेत उभ्या राहून बूट आपटत नाचायच्या, आणि लय जरा इकडेतिकडे झाली की पहिल्या रांगेतली एखादी गाणं चालू असतानाच मान हलवायची. टेक्सस तिनं कधी पाहिलं नाही. गाणी मात्र सगळी तिथली. एकदा तिनं बर्मिंगहॅमच्या रिंग रोडवर गाणं केलं होतं, पहाटेच्या शिफ्टला गाडीतून जाणाऱ्या माणसावर. चांगलं गाणं होतं ते. दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा लोक बारकडे गेले.

आणि तो जोक. तो नेमका कधी सुरू झाला हे तिला आठवत नव्हतं. पण का, ते पक्कं आठवत होतं. सुरुवातीला प्रत्येक क्लबात कोणीतरी मागून ओरडायचं, "काउबॉय कुठेत? ही तर इंडियन!" आणि सिनेमांतल्या काउबॉय-इंडियन लढाया आठवून हशा व्हायचा. आपण गिटार जुळवत त्या हशाच्या खाली उभं राहायचं, तो संपेपर्यंत. मग एकदा तिनंच आधी म्हणून टाकलं: "काउबॉय तुमच्याकडे पुष्कळ झालेत असं ऐकलं, म्हणून मला पाठवलंय." हशा तोच, पण आता तो तिच्या हातात होता. हे इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिनं त्यात बाबांना आणलं. मान हलवत, ट आणि ड जड करत, बाबांच्या इंग्रजीत: "मढू, व्हॉट इज धिस यीहा-यीहा? फर्स्ट यू बिकम डॉक्टर. आफ्टर दॅट यू डू यीहा इन होल हॉस्पिटल." लोक टेबलं बडवत. त्यानंतर ती कितीही दुःखाचं गाणं म्हणू शके. ते तिचं ऐकत. बाबा कधीकधी पुढच्या टेबलावर असत. तेही हसत, टाळ्या वाजवत, शेजारच्याला सांगत, "दॅट इज मी." आई एकदाच आली होती, नव्वद साली. नवा कोट घालून बाबांशेजारी बसली होती. जोक झाला, आणि हशा चालू असतानाच आई उठली, पर्स उचलली आणि दोन टेबलांमधून वाट काढत बाहेर गेली. मधुमतीनं तिसरी कॉर्ड चुकवली आणि पुढे गात राहिली.  गाडीत बाबा मागे वळून म्हणाले, "यू मेक देम लाफ, मधू. व्हेरी गुड." आईला आपलं गाणं पसंत नाही, असा अर्थ मधुमतीनं त्या दिवशी लावला आणि पुढची चौतीस वर्षं तो तसाच ठेवला. बाबा नव्याण्णव साली गेले. पंधरा दिवसांनी डर्बीला कार्यक्रम होता. तिनं जोक केला. न करता पुढे कसं जायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. हॉस्पिटलातली स्पीच थेरपिस्ट निघाली मराठी, तनू नावाची, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली. रेडकर नाव वाचून तिनं दारातच विचारलं, "मराठीत बोललं तर चालेल ना, ताई?" आणि मधुमतीला उगाच परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. तनूनं समजावलं की आजकाल पेशंटचा आवाज आधी साठवून ठेवता येतो. दीडशे वाक्यं वाचायची, त्यावरून कॉम्प्युटर आवाज बनवतो, मग फोनवर टाइप केलं की तो बोलतो. "पण तुमचा आवाज आत्ताच फार बसलाय. याच्यावरून बनवला तर हाच येईल. जुनं काही रेकॉर्डिंग आहे का? गाणी नकोत, त्यात म्युझिक असतं. साधं बोलणं हवं."

मधुमतीकडे एक लाइव्ह सीडी होती, दोन हजार चार सालची, नॉरफोकच्या एका हॉलिडे पार्कातली. गाण्यांच्या मधलं बोलणं त्यात होतं. तनूनं ती कॉम्प्युटरवर घेतली, मोठे हेडफोन लावले आणि ऐकू लागली. मधुमती समोर बसून तिचा चेहरा पाहत राहिली. आता पहिलं गाणं संपलं असेल. आता टाळ्या. आता. तनूच्या भुवया किंचित वर गेल्या, मग खाली आल्या. तिनं माऊसनं थोडं पुढे नेलं. पुन्हा थांबली. तनूचा स्वतःचा ट तसाच जड होता. मघाशी नर्सशी ती "वॉटर" म्हणाली तेव्हाच मधुमतीच्या कानानं तो टिपला होता, सवयीनं, स्टेजवर वापरता येईल म्हणून. तिला वाटलं, उठून ते हेडफोन काढून घ्यावेत. तनूनं ते स्वतःच काढले.

"बोलणं फार नाहीये," ती म्हणाली. "आणि जे आहे त्यात... अ‍ॅक्सेंट मिक्स होतोय ताई. सॉफ्टवेअरला कळणार नाही कुठला तुमचा ते."

"तो जोक जुना आहे," मधुमती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझे बाबा असे बोलायचे."

"हो, कळलं." तनू सीडी डबीत घालत होती. डबीचं झाकण नीट बसेना. "माझे पण असेच बोलतात. मागच्या वर्षी आले होते इकडे, तर दुकानात काही मागायचं असलं की मलाच पुढे करायचे." मग तिनं सूर बदलला आणि फॉर्म पुढे ओढला. "आपण तयार आवाजांतला एक निवडू या. बरेच आहेत. फक्त मराठी त्यांना येत नाही."

घरी येऊन मधुमतीनं कोटही न काढता ती सीडी पुढच्या खोलीतल्या जुन्या प्लेअरवर लावली. स्वतःचा जोक तिनं कधी ऐकला नव्हता. सीडी निघाली तेव्हा गाणी तेवढी तपासली होती. आता ऐकताना हशा तिला ऐकूच आला नाही. मढू, म्हणाले बाबा. खोलीत, तिच्यापासून हाताच्या अंतरावर. बाबांचा एकही व्हिडिओ नव्हता, टेप नव्हती. ते गेले तेव्हा घरात फोन भिंतीवरचा होता. पंचवीस वर्षांत त्यांचा आवाज उरला होता तो इथेच, तिच्या गळ्यात, लोकांना हसवण्यासाठी वाकडा केलेला. आणि तोही आता तीन आठवड्यांचा. दारात आई उभी होती. चौकट धरून. आईची दृष्टी गेली त्याला चार वर्षं झाली होती. प्रकाश-अंधार तेवढा कळे.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

मधुमतीनं लावलं. आई मान कलती करून ऐकत राहिली. हशा आला तसा तिनं हात वर केला, बंद कर म्हणून.

"हे लोक नकोत. तू म्हण नुसतं. त्यांच्यासारखं."

"आई, माझा घसा—"

"जेवढं येईल तेवढं."

मधुमती खुर्चीत बसली. तिनं जड ट जिभेवर आणला. मढू, व्हॉट इज धिस, एवढं आलं आणि आवाज फाटला. आई म्हणाली, "ते नको. ते कधी म्हणालेच नाहीत असं. डॉक्टर हो म्हणून कधी म्हणाले? गिटार कोणी आणली?" मग म्हणाली, "दुसरं काहीतरी म्हण. घरातलं. माझ्याशी बोलायचे तसं." मधुमतीनं तोंड उघडलं. बाबा आईशी मालवणीत बोलायचे, एवढं तिला माहीत होतं. पण काय बोलायचे? तिच्या लहानपणीच्या घरात, भिंतीपलीकडे, ते बोलणं कायम चालू असायचं, नळाच्या आवाजासारखं. तिनं त्याकडे कधी कान दिला नव्हता. शाळेत जायला लागल्यावर तिनंच बाबांना सांगितलं होतं, माझ्याशी इंग्लिशमध्ये बोला, मैत्रिणी ऐकतात. आणि बाबा त्या दिवसापासून तिच्याशी इंग्रजीत बोलू लागले, कारखान्यात ऐकून ऐकून गोळा केलेल्या, शिफ्टनंतरच्या दमलेल्या इंग्रजीत. ते इंग्रजी तिच्यासाठी होतं. तिच्याखेरीज घरात ते दुसऱ्या कोणाशी इंग्रजी बोलत नव्हते.  ती म्हणाली, "आय कान्ट, आई. मला येत नाही."

"नाही येत?"

"मी ऐकलं नव्हतं कधी."

आई चौकट सोडून आत आली, चाचपडत सोफ्यावर बसली. रागावलेली दिसत नव्हती. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला तरी येत असेल."

 मधुमतीनं दोन कार्यक्रम रद्द केले. वॉल्सॉलच्या क्लबवाल्यांनी निरोपाचा कार्यक्रम करू म्हटलं; तिनं नको म्हणून मेसेज पाठवला. ऑपरेशनच्या सकाळी आईला सोबत म्हणून शेजारची शशी येऊन बसली. निघताना मधुमतीला शेवटचं काहीतरी बोलायचं होतं, आवाज असताना. टॅक्सी दारात उभी होती. ती म्हणाली, "गोळ्या निळ्या डब्यात आहेत," आणि आई म्हणाली, "माहीत आहे." नंतर हॉस्पिटलच्या पलंगावर, नळ्यांच्या जाळ्यात, ती या वाक्यापाशी परत परत येत राहिली. साठ वर्षांचा आवाज, आणि शेवटी निळा डबा.

घरी आली तेव्हा डिसेंबर लागला होता. गळ्यातल्या भोकावर छोटं झाकण, आत हवा जाता-येताना बारीक फुसफुस. खोकला आला की तोंडाला नाही, गळ्याला रुमाल लावायचा. हे सगळं तिला शिकवलं होतं. घरातल्या दोघींनी काय करायचं ते मात्र कोणी शिकवलं नव्हतं: एकीला दिसत नाही, दुसरीला बोलता येत नाही. फोनमधली बाई दोन दिवस वापरून पाहिली. लंडनकडच्या, नीटनेटक्या आवाजाची बाई. 'आई' लिहिलं की ती 'आय' म्हणे. आई म्हणाली, "हिला जेवायच्या टेबलावर आणू नकोस." तेव्हापासून फोन वरच्या खोलीतच राहिला. मग आईनंच पद्धत ठरवली. आई विचारणार, मधुमतीनं टेबलावर टकटक करायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. गिटार तिनं खोक्यातून काढली नव्हती. बोटं शाबूत होती, पण नुसती हवेत कॉर्ड धरली तरी गळा आपोआप श्वास घ्यायचा, आणि तो भलत्याच ठिकाणाहून आत यायचा.

आई बोलू लागली ती त्या दिवसांत. आधी कधी ती इतकी बोलली नव्हती. मधुमती मध्येच काहीतरी म्हणायची, घाईत, अर्धं इंग्रजीत, आणि आई थांबायची. आता मध्ये कोणी बोलणारं नव्हतं. एका दुपारी, मटार सोलताना, आई म्हणाली, "त्या दिवशी मी क्लबातून उठले ना, ते तुझ्या गाण्यामुळे नव्हे. गाणं मी बाहेर उभी राहून ऐकलं सगळं. दाराला फट होती. छान म्हणालीस." शेंगेतले दाणे ती बोटांनी मोजल्यासारखे वाटीत टाकत होती. "पण ते हसत होते ना, तुझे बाबा, मला ते बघवेना. घरी आल्यावर मी विचारलं, तुम्हाला काहीच वाटत नाही? तर म्हणाले, तिका त्या लोकांत उभा ऱ्हवाचा आसा, ऱ्हवाक दे." आई थांबली. तिची मान जराशी पुढे आली, खांदे उतरले, ओठ एका बाजूला ओढले गेले. मग ती बोलली, पण तिचा आवाज खाली गेला होता, घशाच्या मागे, लोखंडाच्या भुग्यानं खरखरीत झालेला आणि शेवटच्या अक्षराला हळूच वर उचलला जाणारा. "चेडू निजलाहा गो. तेका उठवू नको. दार लाव, थंडी आत येता. येतंय मी."

मधुमतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तो जोकमधला माणूस नव्हता. ट जड नव्हता, मान हलत नव्हती. पहाटेच्या शिफ्टला निघालेला एक दमलेला माणूस दारात उभा राहून, झोपलेल्या मुलीला जाग येऊ नये म्हणून, आवाज दाबून बोलत होता. तिला तो आठवला. कानाला नव्हे, पांघरुणाखालच्या पायांना, आत आलेल्या थंडीला, लागलेल्या दाराला. ती जागी असायची. रोज जागी असायची.

आई पुन्हा मटार सोलू लागली होती. मधुमतीनं टेबलावर टकटक केली.

"काय गं?" आई म्हणाली. "चहा हवाय?"

दोनदा टकटक.

"औषध? आत्ताच तर घेतलंस. थंडी वाजतेय? हीटिंग वाढवू?"

दोनदा. दोनदा. वर जाऊन फोन आणावा असं तिच्या मनात आलं. पण ती लंडनची बाई या खोलीत 'अगेन' म्हणेल आणि आईच्या चेहऱ्यावरून बाबा उतरून जातील, असं वाटून ती जागची हलली नाही. तिनं आईचा हात धरला, तो आईच्याच गळ्यापाशी नेला. आई दचकली. "माझा घसा? माझा बराय गं. तुझा दुखतोय का? ड्रेसिंग ओलं झालंय? शशीला बोलावू?" दोनदा, दोनदा, दोनदा. आई एकेक गोष्ट आठवून विचारत राहिली: शाल, पाणी, उशी, पडदा, पोस्ट आलं का ते बघू का. न कंटाळता, क्रमानं, घरात माणसाला जे जे लागू शकतं ते सगळं. मग तिची यादी संपली. तिनं वाटी बाजूला सारली आणि जिथे मधुमतीचा चेहरा असेल असं तिला वाटलं तिकडे तोंड केलं.

"मग काय हवंय तुला, मधू?"

मधुमतीनं एकदा टकटक केली. थांबून पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

"हो म्हणतेयस," आई म्हणाली. "पण कशाला हो?"